बसल्या नजरेचं घर

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिला मोठा खर्च छतावर होतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात ओळीनं बसवलेले स्पॉटलाइट, कडेनं लपवलेली एलईडीची पट्टी. मग टीव्हीमागची भिंत, मग दारातून दिसणारा शोकेस. घर बघायला आलेल्याला उभ्या उभ्या हे सगळं आवडतं, फोटोही छान येतात. पण पाहुण्याला आपण आत घेतल्याबरोबर बसवतो. बसल्यावर त्याची नजर जमिनीपासून साधारण चार फुटांवर येते, आणि त्या उंचीवर आपण काहीच केलेलं नसतं. आजच्या घरांतली ऊब हरवते ती, मला वाटतं, इथेच.

उजेडाचंच बघा. डोक्यावरून सरळ खाली पडणाऱ्या दिव्यानं डोळ्यांखाली, नाकाखाली सावल्या पडतात आणि समोरचा माणूस आहे त्याहून दमलेला दिसतो. त्यात दिवा ६५०० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्याफटक उजेडाचा असेल, तर हॉलला दवाखान्याची कळा येते. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. मेणबत्तीची ज्योत १९०० च्या आसपास, जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास. क्राउटहोफ या डच संशोधकानं १९४१ मध्ये असं मांडलं, की उजेड मंद असेल तेव्हा पिवळसर छटाच सुखावते आणि मंद पांढरा उजेड उदास वाटतो. त्याच्या आलेखावर पुढे बरेच वाद झाले, पण बैठकीच्या खोलीत संध्याकाळी २७०० ते ३००० चा दिवा लावून बघा, फरक लगेच कळेल.

खोक्यावरचा आणखी एक आकडा बघून घ्यावा, तो सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा उजेड असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. स्वस्त दिव्यांत लाल छटा कमी पडते, म्हणून त्वचा, लाकूड, ताटातलं जेवण, सगळं फिकं वाटतं. जुन्या बल्बचा सीआरआय जवळजवळ १०० असे. एलईडी घेताना ९० च्या वरचा मागावा.

दिवा कोणता, याइतकंच तो कुठे, हेही महत्त्वाचं. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) या पुस्तकाचा आग्रह असा, की खोलीभर एकसारखा उजेड नको. दिवे खाली, एकमेकांपासून दूर असावेत, माणसं त्या उजेडाच्या वर्तुळांत बसावीत आणि मधे थोडा अंधार राहू द्यावा. आपल्याकडच्या वाड्यांना हे पुस्तकाविना ठाऊक होतं. हाताला लागेल अशा उंचीवर भिंतीत कोनाडा असे आणि त्यात दिवा. आजच्या हॉलमध्ये त्यासाठी भिंत फोडायला नको. वायरिंग सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनला सोफ्यामागे फूटभर उंचीवर एक प्लग पॉइंट आणि त्याचं बटण दाराजवळ द्यायला सांगावं, एवढंच. हा पॉइंट नसला की टेबललॅम्प आणूनही पडून राहतो.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जातं. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची सरकती दारं, कोऱ्या भिंती. अशा खोलीत दोन मुलं बोलू लागली तरी गलका होतो. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तिथला तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून या सभागृहात मांडल्या, आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, मऊ वस्तू जितक्या जास्त तितकं ते कमी, हा नियम त्यातून निघाला. सभागृहांची ध्वनिरचना आजही त्याच्यावर उभी आहे.

घरात हे काम जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं उघडं कपाट करतात. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा मात्र मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात घेऊ नये, ओल धरतो आणि कुबट वास येतो. धुता येणारी सुती सतरंजी बरी. डोंबिवलीला माझ्या मावशीच्या वन बीएचकेत दिवाणावर जुन्या लुगड्यांची गोधडी असते. जवळून पाहिलं तर धावदोऱ्याच्या ओळी कडेकडेनं आत वळत मधल्या चौकोनात संपतात, आणि बोलता बोलता येणाऱ्याची बोटं त्या ओळींवरून फिरत राहतात. तिच्या घरातून लवकर कुणी उठत नाही.

राहिली बसण्याची मांडणी. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या एका इस्पितळात वृद्धांचा कक्ष नव्यानं सजवला गेला. रंग, खुर्च्या सगळं छान, तरीही माणसं गप्प बसून राहत. खुर्च्या भिंतींना लावलेल्या होत्या. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञानं त्या लहान टेबलांभोवती मांडून घेतल्या आणि काही आठवड्यांत तिथलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. आपल्या हॉलमध्ये सगळ्या बैठका टीव्हीकडे तोंड करून असतात. एखादी खुर्ची किंवा वेताचा मोढा सोफ्याच्या काटकोनात ठेवला, तरी दोघांना मान न वळवता बोलता येतं.

आणि सोफ्याची उंची. दुकानातले खोल, बुटके एल आकाराचे सोफे तरुणांना आवडतात, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना त्यातून उठताना कुणाचा तरी हात मागावा लागतो. मग त्या बाहेर येऊन बसणंच टाळतात. निदान एक बैठक १७-१८ इंच उंच, घट्ट गादीची आणि भक्कम हातांची हवी. ती निवडायला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दुकानात सोबत न्या. त्यांना दहा मिनिटं बसू द्या, मग आधाराविना उठून बघायला सांगा, आणि त्यांनी होकार दिल्यावरच पैसे द्या.