रॅम वाढवली आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा



बिलिंगचा कॉम्प्युटर स्लो झाला की आपण सगळे एकच करतो, रॅम वाढवतो. मीही केलं. ११ तारखेला जीएसटीचं आर-वन भरलं, टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि आमच्या भांड्यांच्या दुकानातल्या मशीनमध्ये जुन्या ४ जीबीच्या शेजारी ८ जीबीची नवीन स्टिक बसवून घेतली. तीन दिवस मशीन नुसतं पळत होतं. १४ ला गिऱ्हाईक काउंटरवर उभं आणि स्क्रीन निळी! 'मेमरी मॅनेजमेंट' असा एरर. परत चालू केलं, तासाभरात परत तेच. २० ला थ्री-बी भरायचं होतं.

बसवणाऱ्याने फोनवरच निकाल दिला, "सर, विंडोज गेलीय, फॉरमॅट मारू." मारलं. अर्धा दिवस गेला, प्रिंटर जोडता जोडता वैताग आला आणि संध्याकाळी पुन्हा निळी स्क्रीन. आता कळतं, रॅमवर संशय असताना फॉरमॅट मारणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. नवीन विंडोजसुद्धा त्याच रॅममधून जाऊन बसते ना!

आपल्या भाषेत सांगतो. हार्डडिस्क म्हणजे गोडाऊन, रॅम म्हणजे काउंटर. माल गोडाऊनमधून काउंटरवर येतो आणि परत आत जातो. काउंटरवरच गोंधळ होत असेल तर आत चुकीचा माल जाणार, तोही न सांगता. म्हणून मशीन क्रॅश व्हायला लागलं की त्यावर बिलिंग थांबवा, हाताने बिलं करा. आणि महत्त्वाचं, अशा मशीनवर घेतलेला बॅकअप जुन्या चांगल्या बॅकअपवर ओव्हरराइट करू नका. वेगळ्या फोल्डरला तारीख टाकून ठेवा.

मग पहिलं काम, नवीन स्टिक काढा आणि आधीसारखं चालवून बघा. क्रॅश थांबले तर गुन्हेगार कुठे आहे ते कळलं. काढताना पॉवरची वायर काढा, बटण पाचदहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, मगच आत हात घाला. सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने हलकी पुसा आणि स्टिक क्लिप 'टक' होईपर्यंत दाबा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं, कारण स्टिक नीट बसलेलीच नसते.

नाही झालं तर टेस्ट. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी करतं. पण माझा भरवसा मेमटेस्ट८६ वर. फ्री आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, मात्र वेळ खातं. शटर खाली करताना लावून जा, सकाळी बघा. एका वेळी एकच स्टिक. एक जरी एरर आला तरी ती स्टिक बिल घेऊन परत करा, 'एकच तर आहे' म्हणू नका.

माझ्याकडे गंमत अशी की पहिल्या रात्री नवीन स्टिक पास, दुसऱ्या रात्री जुनी पास, तिसऱ्या रात्री दोघी एकत्र लावल्या तर एररच एरर. जुनी २४०० स्पीडची, नवीन ३२०० ची. तसं बोर्डाने दोघींना कमी स्पीडवर चालवायला हवं, पण मिक्स जोडी जमेलच याची गॅरंटी कोणी देत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी चालू होतं, ते बंद केलं. तुमच्याकडे कदाचित तिथेच सुटेल. माझं नाही सुटलं. शेवटी जुनी ४ जीबी काढून टाकली. टॅली आणि ब्राउझरला एकटी ८ जीबी पुरते.

(जुना लॅपटॉप असेल तर अजून एक बघा. डीडीआर३ दोन प्रकारची येते, १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्ट. काही लॅपटॉपना फक्त १.३५ वालीच चालते. दुकानदाराला जुनी स्टिक दाखवूनच नवीन घ्या.)

१९ ला पुन्हा स्वच्छ विंडोज टाकली, ११ तारखेचा बॅकअप रिस्टोर केला. मागच्या महिन्याचे हिशेब त्यात शाबूत होते, त्यामुळे थ्री-बी वेळेत गेलं. मधल्या आठ दिवसांची बिलं मात्र मी आणि बायकोने रविवारी बसून कागदावरून परत टाकली.