उचल, खर्ची, बाकी

(लेखमाला : माणसांचा अपव्यापार आणि कायदा, भाग ५)

बदलापूर सोडून बारवीच्या किंवा वांगणीच्या रस्त्याला लागलं की दिवाळीनंतर वीटभट्ट्यांचा धूर दिसू लागतो. जवळ गेलं की आधी दिसतात त्या झोपड्या. कंबरभर उंचीच्या विटांच्या भिंती, वर गवत नाहीतर प्लास्टिकचा कागद, आत वाकूनच जायचं. बाहेर नवरा चिखल मळत असतो, बायको साच्यात तो दाबून विटा पाडत असते. सात-आठ वर्षांचं पोर ओळीने मांडलेल्या ओल्या विटा एकेक करून कडेवर उभ्या करतं, म्हणजे दुसरी बाजूही वाळावी. त्या पोराचा चिखलात बुडालेला दिवस मजुरीत कुठेच धरलेला नसतो. हजार विटांचा दर ठरतो तो जोडप्याचा. यातली पुष्कळ कुटुंबं कातकरी असतात.

अपव्यापार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कामाठीपुरा उभा राहतो. मागच्या भागांत आपणही त्याच अंगाने बोललो. पण राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई आहे. घटनाकारांना ही दोन्ही दुखणी एका जातीची वाटली, आणि मला ते पूर्ण पटतं. माणूस दोन्हीकडे विकलाच जातो. भट्टीवर त्या व्यवहाराला विक्री म्हणत नाहीत, उचल म्हणतात.

पावसाळ्याच्या शेवटी पाड्यावर कामं नसतात, घरात दाणा नसतो, सण तोंडावर असतो. अशा वेळी मुकादम येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. ही उचल. मग कुटुंब भट्टीवर येतं आणि आठवड्याच्या बाजाराला मीठ-मिरची-तांदळापुरते पैसे मिळतात. ती खर्ची. पावसाच्या तोंडावर भट्टी बंद होताना हिशोब होतो. पाडलेल्या विटा, त्यातून वजा फुटलेल्या, वजा खर्ची, वजा दवाखाना, वजा उचल. खाली जो आकडा उरतो ती बाकी, आणि ती बहुतेकदा मजुराच्याच अंगावर निघते. सगळा हिशोब एका वहीत असतो. वही मालकाकडे असते आणि मजुराला वाचता येत नाही. बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावं लागतं.

या तीन शब्दांकडे कायदा कसा बघतो? १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा इथे फार धारदार आहे. त्याच्या व्याख्येत साखळदंड नाहीत की कुलूप नाही. आगाऊ रकमेपायी माणसाला किमान वेतन मिळेनासं झालं, दुसरीकडे काम धरायची मोकळीक गेली, हवं तिथे जाण्याची मोकळीक गेली, किंवा आपली मेहनत बाजारभावाने विकता येईना, तर यातली एक गोष्टही वेठबिगार ठरायला पुरे. एकदा ती ठरली की बाकी शून्य. कर्ज कायद्यानेच विझलं. आणि हे वेठबिगारीचं कर्ज नव्हतं असं म्हणायचं असेल तर ते शाबीत करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर, मजुरावर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या व्याख्येला बळच दिलं. १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं हीच सक्तीची मजुरी, असं न्या. भगवती यांनी सांगितलं. माणसाला भूक ढकलते तेव्हा तीही सक्तीच. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की सक्तीने राबवलं जातंय एवढं दिसलं, की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरा. उलट दाखवायचं असेल तर मालकाने दाखवावं.

एवढं सगळं कागदावर असताना गाडी अडते कुठे? मला विचाराल तर पहिल्याच टेबलावर.

वेठबिगारीत न्याय न्यायालयात सुरू होत नाही, महसूल खात्यात सुरू होतो. अंबरनाथ तालुक्यातली भट्टी असेल तर तपासाला जातात अंबरनाथचे तहसीलदार किंवा उल्हासनगरचे प्रांत. मजूर वेठबिगार आहे की नाही हे ठरवून मुक्तता प्रमाणपत्र देणं महसूल यंत्रणेच्या हाती. जिल्ह्याला आणि प्रांत पातळीवर दक्षता समित्या असाव्यात, असंही कायदा सांगतो. त्या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहतं.

म्हणून जबाब घेताना विचारलेला प्रश्न फार मोलाचा. ‘मालक मारतो का? कोंडून ठेवतो का?’ एवढंच विचारलं तर मजूर मालकाकडे एकदा बघतो आणि नाही म्हणतो. कागदावर येतं, तक्रार नाही. तेच मालकाला लांब ठेवून विचारा : उचल किती घेतली, कधी घेतली? खर्ची किती मिळते? मागच्या पावसाळ्यात बाकी किती निघाली? शेजारच्या भट्टीवाल्याने जास्त दर दिला तर जाता येईल का? घरी कुणी वारलं तर सगळ्यांना एकदम निघता येतं, की एकाला मागे ठेवावं लागतं? या प्रश्नांना मजूर खरी उत्तरं देतो, कारण त्याला ती गुन्ह्याची वाटतच नाहीत. त्याच्या लेखी तो रोजचा हिशोब आहे. व्याख्येतली एकेक अट त्यातून आपोआप भरून निघते.

दुसरं टेबल पोलीस ठाण्याचं. इथे कुठलं कलम लागतं त्यावर खटल्याचं नशीब ठरतं. नुसता १९७६ चा कायदा लावला तर जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दोन हजार रुपये दंड, शिवाय गुन्हा जामीनपात्र. मालक संध्याकाळी घरी. न्या. वर्मा समितीनंतर, २०१३ मध्ये, भारतीय दंड संहितेचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ झालं. शोषणासाठी फसवून, धाक घालून, पैशाचं आमिष दाखवून माणसाला भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, हे सगळं त्यात येतं आणि पीडिताची संमती होती की नव्हती हा मुद्दाच उरत नाही. शिक्षा किमान सात वर्षं, एकाहून अधिक माणसं असतील तर किमान दहा. उचल देऊन कुटुंबं गोळा करणारा मुकादम यात बसतो, त्यांना ठेवून घेणारा मालकही बसतो. मजूर आदिवासी असेल तर ॲट्रॉसिटी कायद्यातही वेठबिगारीचं वेगळं कलम आहे. ही कलमं लावायला कुणी अडवलेलं नाही. फक्त प्रकरण ‘मजुरीचा वाद’ म्हणून बघायची सवय मोडावी लागते.

ती सवय किती महाग पडते हे २०२१ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात दिसलं. मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी बापाने मुलाच्या कफनासाठी ५०० रुपये घेतले, ते फेडायला तो राबत राहिला आणि शेवटी त्याने गळफास घेतला. वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला तो त्याच्या मरणानंतर. याच पट्ट्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यातल्या दहिसर गावच्या वेठबिगारांना सोडवलं आणि त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. तेव्हापासून आजवर सुटकेच्या कितीतरी प्रकरणांत आधी संघटनेचा माणूस पोचतो आणि मागून सरकार येतं. अंगणवाडी सेविका, तलाठी, ग्रामसेवक या सगळ्यांना भट्टी ठाऊक असते. मला याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

आता पैशाचं. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अतिशय गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. पण हातात लगेच पडतात ते तीस हजारांपर्यंत. उरलेली रक्कम खटल्याच्या निकालाला जोडलेली. म्हणजे खटला रेंगाळला की ज्याच्यामुळे खटला उभा राहिला त्याचंच पोट रेंगाळतं. ही अट मला मुळातूनच चुकीची वाटते. मालकाला शिक्षा होते की नाही हा सरकारी वकिलाचा प्रश्न. मुक्तता प्रमाणपत्र मिळालेल्या बाईने त्याची वाट का बघावी?

निदान खटला टिकावा यासाठी दोन गोष्टी पहिल्या दिवशीच करता येतात. एक, ती वही पंचनामा करून जप्त करणं, कारण दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही. दुसरी, मजुरांचे जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवणं. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदार आणला तर त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायलाच हवा, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते.

हे झालं नाही तर सगळी भिस्त कल्याणच्या कोर्टात साक्ष द्यायला कोण उभं राहतं त्यावर. भट्टीवरून सुटलेलं कुटुंब पाड्यावर जातं, पावसाळा कसाबसा काढतं. तीस हजार आले असतील तर ते दुखण्यात, छपरात आणि दुकानदाराच्या उधारीत जातात. गणपतीच्या सुमाराला नवा मुकादम येतो. समन्स घेऊन शिपाई पाड्यावर पोचतो तेव्हा दाराला झाप बांधलेला असतो, आणि ते कुटुंब कुठल्या भट्टीवर गेलं हे फक्त मुकादमाला ठाऊक असतं.