फ्लाइट सिम्युलेटरमध्ये चाकाजवळ कॅमेरा लावायचाय? आधी फूट आणि मीटर वेगळे करा

मोबाइलवरच्या विमानाच्या गेममध्ये बाहेरचे दोन-चार कॅमेरे ठरलेले असतात. बटण दाबलं की पुढचा, विषय संपला. कॉम्प्युटरवरच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये मात्र विमानावर हवा तिथे आपला स्वतःचा कॅमेरा बसवता येतो. हा सिम्युलेटर 2006 चा आहे, पण साध्या लॅपटॉपवरही चालतो म्हणून मी तो अजून ठेवलाय.

कॅमेरा फक्त भारी व्हिडिओसाठी नाही. सेसना 172 उतरताना मागची दोन चाकं आधी टेकायला हवीत, नाकाचं चाक नंतर. नाकाचं चाक आधी आपटलं तर विमान उड्या मारायला लागतं. कॉकपिटमध्ये बसून नक्की काय झालं ते कळत नाही, चाकाजवळच्या कॅमेऱ्यातून लगेच कळतं.

प्रत्येक विमानाच्या फोल्डरमध्ये एअरक्राफ्ट डॉट सीएफजी नावाची फाइल असते. आधी तिची एक कॉपी बाजूला ठेवा, हे टाळू नका. मग दुसरी कॉपी डेस्कटॉपवर घेऊन नोटपॅडमध्ये उघडा. प्रोग्राम फाइल्समध्ये थेट सेव्ह करायला गेलात तर विंडोज बहुतेक वेळा अडवतं. फाइलमध्ये कॅमेरा डेफिनिशन असं शीर्षक असलेला एखादा भाग शोधा, तो पूर्ण कॉपी करून खाली पेस्ट करा आणि शीर्षकातला क्रमांक पुढचा द्या. टायटल बदला. जीयूआयडीच्या ओळीतलं एखादं अक्षरही बदला. हा नंबर म्हणजे फोनचा आयएमईआय समजा. दोन कॅमेऱ्यांचा सारखा असेल तर नवा कॅमेरा दिसणारच नाही आणि तुम्ही तासभर दुसरीकडेच चूक शोधत बसाल.

ओरिजिनपुढे सेंटर ठेवा, म्हणजे मोजमाप विमानाच्या मध्यापासून होईल. आता खरी गंमत. जागा ठरते इनिशियल एक्सवायझेड या ओळीत. तिथे तीन आकडे असतात: आधी उजवीकडे किती, मग वर किती, मग पुढे किती. डावीकडे, खाली आणि मागे जायचं तर वजा चिन्ह. हे सगळं मीटरमध्ये.

पण त्याच फाइलमध्ये चाकांची जागा काँटॅक्ट पॉइंट्समध्ये फुटांत लिहिलेली असते, आणि क्रमही वेगळा: पुढे, उजवीकडे, वर. एकाच फाइलमध्ये दोन पद्धती! असं का केलं, देव जाणे.

समजा उजव्या चाकाच्या ओळीत पहिला आकडा सोडून पुढचे तीन उणे 2, 4, उणे 4 असे आहेत. पहिला आकडा जागेचा नसतो, तो पॉइंटचा प्रकार सांगतो. एक फूट म्हणजे 0.3048 मीटर. गुणाकार करून क्रम बदलला की कॅमेऱ्याच्या भाषेत चाक येतं 1.2, उणे 1.2, उणे 0.6 वर. तिथेच कॅमेरा ठेवलात तर तो चाकाच्या आत जाईल. म्हणून थोडा बाहेर, वर आणि मागे घ्या: 1.8, उणे 0.5, उणे 3.5. दोन्ही मोजमापांचा शून्य बिंदू तंतोतंत एकच असेल असं नाही, त्यामुळे शेवटचे दहा-वीस सेंटीमीटर डोळ्यांनीच जुळवावे लागतात.

इनिशियल पीबीएच म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड कुठे. तिन्ही शून्य ठेवले की सरळ पुढे. तिसरा आकडा 180 केला की मागे. जवळचे भाग कापल्यासारखे दिसले तर क्लिप मोडपुढे मिनिमम आहे का ते बघा.

फाइल सेव्ह करून जागेवर परत ठेवा. कंट्रोल्सच्या सेटिंगमध्ये विमान रीलोड करण्याच्या कमांडला एखादी की देऊन ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलासाठी सिम्युलेटर बंद-चालू करावा लागत नाही. मग एस दाबत एअरक्राफ्टच्या गटात या आणि ए दाबत तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत जा. पहिलं लँडिंग नेहमीसारखं कॉकपिटमधून करा, आणि इन्स्टंट रीप्ले लावून तेच चाकाजवळून बघा.