मुलांच्या हाती कटर देण्यापूर्वी

मागच्या हिवाळ्यात आठवीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी बीदरच्या महमूद गवानच्या मदरशाची कागदी प्रतिकृती करायचे ठरवले. निलंग्याहून बीदर जवळच. खालाकडे गेलो की ती इमारत पाहिल्याशिवाय मुले परतत नाहीत. बहमनी वजीर महमूद गवान यांनी 1472 मध्ये उभारलेला तो तीन मजली मदरसा, त्याचा उरलेला एक मिनार, रंगीत फरशांवरची आयतींची सुलेखने आणि भिंतीभर कमानदार खिडक्या. मुलीने मापे काढून जाड कागदावर सगळे भाग आखले. आम्ही बाजारातून वीस रुपयांचा प्लास्टिकचा कटर आणून दिला आणि आमचे काम संपले असे समजलो.

चौथ्या खिडकीला पाते अडले. तिने जोर लावला, पाते डुगडुगत कागदावरून घसरले आणि थेट डाव्या हाताच्या बोटावर आले. दवाखान्यात दोन टाके पडले. त्या रात्री घरात ठरल्यासारखेच झाले : आता कापायचे काम भाईजान करील, तिने फक्त चिकटवायचे. मुलगी काही बोलली नाही, पण कागद गुंडाळून तिने कपाटावर टाकून दिले.

सकाळी नानींनी तो कटर हातात घेतला, अंगठ्याने पात्याची धार चाचपली आणि म्हणाल्या, “बकरी ईदच्या आधी आठ दिवस सुऱ्या धारेला देता ना? मग पोरीच्या हातात हे बोथट का दिलं?”

त्यांचे म्हणणे खरे होते. बोथट सुरीने जनावराचे हाल होतात, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. कागदाचेही तेच आहे. धारदार पाते हलक्या हाताने चालते. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरला की थांबवता येत नाही. दोष मुलीचा नव्हता, आमच्या खरेदीचा होता. म्हणून काम भावाकडे न देता आम्ही कटर बदलला. तो निवडताना जे शिकलो, ते इथे सांगतो.

दुकानात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, खाचांचे पाते असलेला सरकता कटर. टोक बोथट झाले की खाचेवर मोडायचे आणि नवे टोक पुढे घ्यायचे. ही युक्ती जपानमधील ओसाकाच्या योशिओ ओकादा यांना 1956 मध्ये सुचली. चॉकलेटच्या वडीचे तुकडे जसे मोडतात, तसे पाते मोडता येईल, हा त्यांचा विचार होता. या कटरमध्ये दोन मापे प्रचलित आहेत. 18 मिलिमीटर रुंद पात्याचा कटर पुठ्ठा आणि लांब सरळ रेषांसाठी बरा. कमानी, खिडक्या आणि बारीक कोपऱ्यांसाठी 9 मिलिमीटरचाच घ्यावा. त्यातही नेहमीच्या पात्याचे टोक सुमारे 60 अंशांचे असते, तर 30 अंशांचे पाते अधिक टोकदार असते. ते नेमके कुठे टेकले आहे हे डोळ्यांना दिसते, म्हणून वळण कापायला सोपे जाते.

दुसरा प्रकार पेनासारखा. पुढच्या पेचात छोटे टोकदार पाते बसवलेले असते. वळणांसाठी उत्तम, पण पेच काम करता करता सैल होतो. दर थोड्या वेळाने तो घट्ट करण्याची सवय लावावी लागते.

तिसरा म्हणजे डॉक्टरांचे सर्जिकल ब्लेड. 11 नंबरचे पाते आणि 3 नंबरची मूठ ही जोडी औषधांच्या दुकानात मिळते. त्याच्याइतके बारीक काम दुसरे कुणी करत नाही. पण हे पाते आत सरकत नाही आणि बदलताना पक्कड वापरावी लागते. हे मोठ्यांनीच वापरावे, मुलांच्या हाती देऊ नये, असे आमचे मत झाले.

आम्ही 9 मिलिमीटरचा सरकता कटर घेतला. घेताना पाते बाहेर काढून हळूच हलवून पाहिले. पाते डुगडुगत असेल तर तो कटर परत ठेवावा. पाते धातूच्या खोबणीत बसलेले असावे आणि सरकवायचे बटण जागेवर पक्के अडकावे. कटरवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण सोबत सुट्या पात्यांचे पाकीट घ्यायला विसरू नये.

बाकीची तयारी घरचीच. खाली कापायची रबरी मॅट असेल तर छान, नाहीतर जाड पुठ्ठा. काच किंवा फरशी नको, त्यावर धार लगेच जाते. पट्टी स्टीलची हवी. प्लास्टिकच्या पट्टीत पाते घुसते आणि बोटावर चढते. कागद 160 ते 200 जीएसएमचा घ्यावा. झेरॉक्सचा कागद साधारण 75 जीएसएमचा असतो, त्याचा मिनार उभा राहत नाही.

कापताना पाते एक-दोन खाचांएवढेच बाहेर ठेवावे. एकाच दमात आरपार न कापता हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवावे. आधी आतल्या खिडक्या, मग बाहेरची कड. उलट केले तर सुटा झालेला भाग हातात धरून खिडक्या कापाव्या लागतात. वळणावर हात नव्हे, कागद फिरवावा. कागद धरणारा हात पात्याच्या वाटेत कधीच नसावा. घडीच्या रेषा मात्र कापू नयेत, रिकाम्या बॉलपेनने दाबून घ्याव्यात.

आणखी एक नियम आम्ही घरात केला. कटर दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर पाते आत घेऊनच. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोके धरून ठेवावीत, उघडी तलवार कुणाच्या हाती देऊ नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना नियम वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

टाके निघाल्यावर मुलगी पुन्हा बसली. पहिले दोन दिवस आमच्यापैकी एक जण शेजारी असे. दर आठ-दहा खिडक्यांनंतर ती थांबे, पक्कडीने पात्याचे टोक मोडी आणि तुकडा बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकी. डब्याच्या झाकणाला एक चीर पाडून झाकण चिकटपट्टीने बंद केले आहे, म्हणजे कचरा उचलणाऱ्या ताईच्या हाताला ते तुकडे लागणार नाहीत.

मदरसा प्रदर्शनात वेळेवर पोहोचला. मिनाराजवळची एक खिडकी जरा तिरपी आहे, ती पहिल्या कटरची. मुलगी म्हणाली, ती तशीच राहू द्या. आता ती बीबी का मकबऱ्याची मापे काढते आहे. चार मिनार, म्हणजे पात्यांची दोन पाकिटे आणावी लागतील.