ताबाजीतील सुटी सिगारेट

पोर्ट लुई शहर असो की आपले गाव, कोपऱ्यावरच्या दुकानाला आपण सगळे ‘ताबाजी’ म्हणतो. नावातच तंबाखू आहे. पण तेथे वही मिळते, पाव मिळतो, गोळ्या मिळतात आणि शाळा सुटली की मुलांची पहिली गर्दी तेथेच होते. म्हणून तंबाखूविक्रीचे नियम हा विषय सरकारी खात्याइतकाच शिक्षकांचा व आईवडिलांचाही आहे.

आपल्या देशाचे नियम कच्चे नाहीत. २००८ च्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील कोणालाही सिगारेट विकता येत नाही. पाकीट फोडून सुटी सिगारेट विकणेही गुन्हा आहे. गाडीत दुसरा प्रवासी असेल तर आपल्या स्वतःच्या गाडीतही धूम्रपान करता येत नाही. २००९ साली पाकिटांवर रोगांची चित्रे आली आणि असे करणारा मॉरिशस हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातील पहिला देश ठरला. २०२२ मध्ये नियम आणखी कडक झाले व ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली. २०२३ पासून पाकिटांवर कंपनीची चिन्हे व आकर्षक रंग राहिले नाहीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू नियंत्रणाचे सर्व उपाय उच्च पातळीवर राबविणाऱ्या मोजक्या देशांत आपली गणना केली. त्यापूर्वी ब्राझील व तुर्कस्तान हे दोनच देश तेथवर पोहोचले होते. ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु कागदावरचा नियम दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो का?

काही महिन्यांपूर्वी आमच्या सहावीच्या वर्गातील एका मुलाच्या कंपासपेटीत एक सिगारेट सापडली. विचारले तेव्हा तो रडू लागला. “पापांनी तीन आणायला सांगितल्या होत्या. मी चार घेतल्या,” तो म्हणाला. म्हणजे दुकानदाराने दोन नियम एकदम मोडले होते, आणि बापाने त्याला ती संधी दिली होती.

संध्याकाळी आम्ही त्या दुकानात गेलो. दुकानदार परका नव्हता. आमच्या घराचे उधारीचे कार्ने वर्षानुवर्षे त्याच दुकानात होते. महिनाअखेरीस आईकडे पैसे नसले तरी त्यांनी कधी तांदूळ अडवला नाही. त्यांनी शांतपणे आमच्याकडे पाहिले व म्हणाले, “मास्तर, तुम्ही लहान असताना तुमच्या वडिलांच्या सिगारेटी कोण नेत होते?”

आम्ही निरुत्तर झालो. त्या आम्हीच नेत होतो. सुटी नाणी मुठीत धरून धावत जायचो आणि बक्षीस म्हणून एक गोळी मिळायची. वडिलांचा रात्रीचा खोकला ऐकत आम्ही मोठे झालो, पण आमच्या धावण्याचा त्या खोकल्याशी काही संबंध आहे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही.

आज मुलांपुढचा धोका अधिक गोंडस रूपात येतो. कॉलेजात शिकणारा आमचा भाचा घरी आला असता त्याच्या वह्यांजवळ एक रंगीत वस्तू दिसली. वाक्यांवर रंग फिरवायचे पेन समजून आम्ही ती आमच्या लाल पेनाशेजारी ठेवली. ती ई-सिगारेट होती. अशा उपकरणात बहुधा निकोटिन असलेला द्रव तापवून त्याचे सूक्ष्म कण श्वासातून आत घेतले जातात. आंब्याचा, पुदिन्याचा वास असतो, म्हणून मुलांना ती निरुपद्रवी वाफ वाटते. पण निकोटिनची सवय फार लवकर जडते आणि वाढत्या वयातील मेंदूला त्याचा अपाय होतो. विक्रीला बंदी असूनही ती मुलांच्या हाती येते. ‘भारतातून येताना घेऊन ये’ असे पाहुण्यांना सांगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की भारतानेही २०१९ साली अशा उपकरणांवर बंदीचा कायदा केला आहे.

दुकानदारांना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, “काका, तुमचे उपकार आम्ही विसरलो नाही. पण पुन्हा एखाद्या मुलाच्या हाती सिगारेट दिलीत तर आम्ही तक्रार करू.” ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्या नमस्काराला ते थोड्या उशिराने उत्तर देतात. त्याचे आम्हाला दुःख होते, पण शब्द मागे घ्यावेसे वाटत नाहीत.

पालकसभेत आम्ही त्या मुलाचे नाव घेतले नाही. आपण लहानपणी कोणासाठी दुकानात धावत होतो, ते मात्र सांगितले. सभागृहात पुष्कळ वडिलांनी मान खाली घातली. त्यांतील एकजण नंतर थांबले व म्हणाले, “मास्तर, उद्यापासून मी स्वतः जाईन.”

सिगारेट सोडणे कठीण आहे, हे आम्ही आमच्या घरात पाहिले आहे. निदान ती आणायला मुलाला पाठवू नये, एवढे तर प्रत्येक घराला आजच करता येईल.