मसीरा : आपल्या पावसाच्या वाटेवरचे बेट

ओमानमध्ये आलेल्या आपल्या मंडळींची पहिली काही वर्षे निझवा, सूर आणि सलाला पाहण्यात जातात. मसीराचे नाव काढले की "तिथे पाहायला आहे काय?" हा प्रश्न ठरलेला. मी दोनदा जाऊन आलो आहे. माझे उत्तर असे, की तिथे आपला मोसमी वारा आहे, पण पाऊस नाही. हे कोडे सुटले की सगळे बेट समजते.

मसीरा हे ओमानचे सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे ९५ किलोमीटर, रुंदी मात्र फार तर १४. मस्कतहून सिनाव, महूत करीत मोटारीने शन्ना गाठायचे आणि तिथून फेरीबोटीने हिल्फला उतरायचे. उत्तर टोकाचे हिल्फ हेच काय ते गाव म्हणावे असे गाव. बाकी काळपट खडक, वाळू आणि तुरळक कोळ्यांच्या वस्त्या. हे खडक मुळात समुद्रतळाचे, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे मस्कतच्या पाठीमागच्या तशाच खडकांहून कितीतरी जुने.

आता वाऱ्याकडे वळू. जून ते सप्टेंबर इथे नैर्ऋत्येचा वारा घोंघावतो. तो किनाऱ्याला समांतर वाहतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते. त्याची जागा घ्यायला खोलवरचे थंड पाणी वर येते. थंड पाण्यावरची हवा जड असते. ती वर चढत नाही, म्हणून पावसाचे ढग बनत नाहीत. सलालाला निदान उंच डोंगर वाऱ्याला अडवतात आणि धुके, रिमझिम मिळते. मसीराच्या टेकड्यांना ते जमत नाही. हाच वारा पुढे अरबी समुद्रावर बाष्प गोळा करतो आणि सह्याद्रीला थडकून कोकणात धो धो कोसळतो.

पाऊस नसला तरी वारा बेटाला रिकाम्या हाती ठेवत नाही. वर आलेल्या थंड पाण्यात पोषक द्रव्ये भरपूर, म्हणून मासळीही भरपूर. सुरमई आणि शेवंड ही इथली दौलत.

बेट एकाकी असले तरी अनोळखी कधीच नव्हते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सरापिस नावाच्या बेटाचे वर्णन आहे. ते मसीराच असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे मासे खाणारे लोक राहतात आणि उत्तम कासवाची पाठ मिळते, असे त्यात म्हटले आहे. त्याच ग्रंथात आपले कल्याण आणि सोपाराही आहेत! पुढे ब्रिटिशांनी इथे विमानतळ केला. तो १९७७ पर्यंत त्यांच्याकडे होता. २००२ पर्यंत बीबीसीचे प्रक्षेपण केंद्रही इथे होते.

पेरिप्लसमधल्या त्या कासवांची आज काळजी वाटते. मसीरावर चार जातींची कासवे अंडी घालतात. त्यांतल्या लॉगरहेड जातीच्या सुमारे ३०,००० माद्या दरवर्षी येतात, असा १९७०च्या दशकातला अंदाज होता. जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मात्र दोन दशकांत ही संख्या सुमारे ७९ टक्क्यांनी घटली. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरणे हे त्याचे एक मोठे कारण. ज्या समुद्राने कासवांना अन्न दिले, त्याच समुद्रात ती जाळ्यात सापडतात. पण कोळ्याचे पोटही त्याच जाळ्यावर चालते, त्यामुळे उपाय सोपा नाही.

तरी तो अशक्यही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकऱ्यांच्याच मदतीने राखली गेली. ही जात मसीरावरही येते. आपल्या हातात आहे ते एवढेच : मे ते ऑगस्टमध्ये गेलात तर रात्री किनाऱ्यावर गाडी नेऊ नका, दिवे विझवा, आणि मुलांना कासव लांबूनच दाखवा. आणि दिवसा त्या वाऱ्याकडे तोंड करून जरा उभे राहा. काही दिवसांत तो आपल्या गावी पोचणार असतो.