यंत्राची पाटी आणि हमालाची पाठ

गोरेगावला मालवाहतूक आणि माल हाताळण्याच्या यंत्रांचे प्रदर्शन भरले होते. तेथे मी दिवसभर हिंडलो. तरुणपणी बाजारपेठेत पाठीवर पोती वाहिलेला मी माणूस. यंत्रांचा मला राग नाही, कौतुकच आहे.

प्रत्येक फोर्कलिफ्टवर एक लहानशी पाटी असते. हे यंत्र म्हणजे मुळात तरफ. पुढची चाके हा टेकू. एका अंगाला माल, दुसऱ्या अंगाला मागे बसविलेले लोखंडी वजन. माल चाकांपासून जितका पुढे सरकेल, तितके यंत्र तोंडघशी पडण्याचे भय. म्हणून किती वजन, किती अंतरावर, किती उंचीपर्यंत, हे पाटीवर लिहिलेले असते. माणसाच्या कण्याचे गणितही असेच आहे. पण त्याला पाटी नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. त्यानंतर कित्येक वर्षांनी मी १०० किलोंचे पोते उचलीत होतो.

तेव्हा ओझे यंत्राने उचलावे हे उत्तमच. एका विक्रेत्याला मी विचारले, "याने वाचते काय?" तो म्हणाला, "टोळीतली आठ माणसे!"

येथेच खरा प्रश्न आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळते. थप्पी यंत्राने लावली की मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून लेव्हीही नाही.

मग यंत्र अडवावे काय? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांपुढे हाच पेच होता. हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० साली करार केला : यंत्रे आणा, पण नोंदलेल्या कामगाराला घरी बसवायचे नाही आणि बचतीतला वाटा द्यायचा. त्यापोटी मालकांनी साडेपाच वर्षांसाठी सुमारे २ कोटी ९० लक्ष डॉलर कबूल केले. करारात उणीवही होती. पूर्ण नोंदणी नसलेले कामगार त्याच्या बाहेर राहिले. आपल्या गोदामांतील कंत्राटी पोरांची गत तीच होईल.

म्हणून वाट्याचा हिशेब यंत्र दारात येईल त्याच दिवशी, आणि सर्वांना धरून, मांडला पाहिजे. आठ माणसे घरी गेल्यावर तो मागायला कोणी उरत नाही.